आजीच्या डब्यातल्या हिरव्या शिवराया : काय काढायचं, काय राखायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्याकडच्या जुन्या घराचा माळा आवरताना आजीचा पितळी डबा सापडला. आत तीसेक नाणी. बरीचशी तांब्याची, जाडजूड आणि ओबडधोबड, त्यांवर 'श्री राजा शिव' यातली एखाददोन अक्षरं ओळखू येतात. काही कंपनी सरकारचे पैसे, काही भोकाचे पैसे आणि काळे पडलेले दोन चांदीचे रुपये. तांब्याच्या बहुतेक नाण्यांवर हिरवा थर आहे. डबा आता ठाण्याला आणलाय. त्या अक्षरांच्या तांब्याच्या नाण्यांपैकी, म्हणजे शिवरायांपैकी, दोघींना लिंबू-मीठ लावून घासलं तर त्या गुलाबी झाल्या आणि अक्षरं आधीपेक्षा पुसट दिसायला लागली. उरलेली नाणी कशी साफ करू, या दोघींचं काय करू, आणि यांची किंमत किती येईल?

पहिलं सांगणं एवढंच, की आज कशालाच हात लावू नका. ही नाणी दीडदोनशे वर्षं टिकली आहेत, आणखी पंधरा दिवसांनी त्यांचं काही बिघडत नाही. अपवाद दोनच, त्यांच्याकडे पुढे येतो.

तुम्ही विचारलंय 'साफ कशी करू', पण तुमच्यापुढचा खरा पेच वेगळा आहे. त्या हिरव्या थरातला कुठला भाग मळ आहे आणि कुठला भाग नाणंच आहे, हे ठरवायचंय. ते एकदा ठरलं की साफसफाई सोपी असते, आणि बऱ्याचदा जवळजवळ करावीच लागत नाही.

तांबं गंजतं तेव्हा थर नुसता वरून बसत नाही. धातूतलंच तांबं हळूहळू बदलत जातं. धातूला लागून तांबूस-तपकिरी ऑक्साइडचा थर तयार होतो, त्याला क्युप्राइट म्हणतात. त्याच्यावर हिरवं कार्बोनेट चढतं, ते मॅलाकाइट. नाण्याचा मूळ पृष्ठभाग, म्हणजे ठशाचा घाव ज्यावर बसला तो, या थरांच्या आत कुठेतरी जपला गेलेला असतो. बऱ्याचदा तो त्या तपकिरी थरातच असतो आणि खालचा धातू खडबडीत, खड्ड्याखड्ड्यांचा झालेला असतो. जुन्या वाड्यातल्या भिंतीवरचं चित्र आठवा. चित्र विटेवर नसतं, गिलाव्यावर असतं. मळकट दिसतो म्हणून गिलावा खरवडला तर हाती नुसती वीट येते. तुमच्या दोन शिवरायांचं हेच झालं. लिंबाच्या आम्लाने हिरवा थर विरघळला, त्याच्यामागून तपकिरीही गेला, आणि अक्षरं त्या तपकिरी थरात होती.

शिवराईच्या बाबतीत हे नुकसान जास्त लागतं. कंपनीचा 1835 चा पाव आणा, म्हणजे पैसा, यंत्रावर पाडलेला, एकासारखा दुसरा. त्याचं एक नाणं बिघडलं तर तसंच दुसरं मिळतं. शिवराई हाताने पाडलेली. ठसा मोठा, तांब्याची चकती लहान, त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर सहसा येतच नाही. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति', आणि त्यातही लिहिण्याचे कितीतरी प्रकार. कुठे 'पति', कुठे 'पती', कुठे 'शिव'ऐवजी 'सिव'. कडेच्या टिंबांची माळ वेगळी, मधल्या रेघा वेगळ्या. दोन आडव्या रेघांची दुदांडी शिवराई तर नावानेच ओळखली जाते. अभ्यास करणारे लोक या वेलांट्यांवरून आणि टिंबांवरून नाणी लावतात. तुमच्यासाठी जो हिरवा डाग आहे, त्याच्याखाली 'ति'ची वेलांटी असू शकते, आणि ती नाण्याची ओळख असू शकते.

मी हे शिकलो ते एक नाणं गमावून. 1996 साली मामांनी मला त्यांच्याकडची एक शिवराई दिली. मी ती चिंचेच्या कोळात रात्रभर ठेवली आणि सकाळी रांगोळीने घासली. नवीन तांब्याच्या भांड्यासारखी लखलखली. आदल्या दिवशी तिच्यावर 'छत्र' पूर्ण वाचता येत होतं, त्या सकाळी 'छ'चा वरचा गोलावा तेवढा उरला होता. ती शिवराई अजून माझ्याकडे आहे. कुणी नवीन संग्राहक घरी आला की पहिल्यांदा तीच त्याच्या हातात देतो.

आता काय करायचं ते सांगतो. सगळी नाणी पांढऱ्या कागदावर मांडा, एकेकाचा दोन्ही बाजूंनी दिवसाच्या उजेडात फोटो काढा आणि खिशातल्या छोट्या डिजिटल काट्यावर वजन करून लिहून ठेवा. कंपनीचा पाव आणा मुळात 100 ग्रेनचा, म्हणजे साधारण 6.48 ग्रॅमचा. तो सहाच्या आसपास भरला तर तो किती झिजला किंवा खाल्ला गेलाय ते लगेच कळतं. शिवराईचं वजन नाण्यागणिक बदलतं, तुलनेला पक्कं माप नाही, म्हणून तर काही करण्याआधीचं वजन टिपलेलं पाहिजे. मग दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि हिरव्या रंगाकडे नीट बघा.

हिरवे दोन असतात. एक गडद, घट्ट, गुळगुळीत, काचेसारखा किंवा लाखेसारखा बसलेला. बाभळीचा काटा त्यावरून हलकेच फिरवला तर काहीच निघत नाही. हा चांगला हिरवा. तो नाण्याचं कवच आहे, त्याला राहू द्या. दुसरा फिकट, पोपटी, भुकटीसारखा, ठिपक्याठिपक्यांनी उगवलेला. काटा लावला की भुकटी पडते आणि खाली छोटा खड्डा दिसतो. यालाच ब्राँझ डिसीज म्हणतात. नाव ब्राँझचं असलं तरी शुद्ध तांब्यालाही तो होतो. मघाशी म्हटलेल्या अपवादांतला पहिला हाच. अशी नाणी आजच्या आज बाकीच्यांतून वेगळी काढा आणि कोरड्या डबीत ठेवा.

या रोगाचं मूळ क्लोराइड, म्हणजे मिठातला क्लोरीन. तांब्याच्या आत क्युप्रस क्लोराइड दडून बसलेलं असतं. हवेतला दमटपणा आणि ऑक्सिजन मिळाला की त्यातून ती पोपटी भुकटी तयार होते आणि सोबत थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. ते आम्ल आतलं नवं तांबं खातं, त्यातून पुन्हा क्लोराइड तयार होतं आणि चक्र चालू राहतं. कोरड्या हवेत हे झोपलेलं असतं. ठाण्यासारख्या खाडीकाठच्या गावात पावसाळ्यात ते जागं होतं. आता लिंबू-मिठाचा विचार करा. लिंबाने वरचं कवच काढलं आणि उघड्या पडलेल्या तांब्याला आपण स्वतः मीठ चोळलं. लिंबू-मीठ, चिंच-मीठ, मीठ-व्हिनेगर हे नाण्याला सगळ्यात वाईट का, याचं उत्तर एवढंच. देवाच्या तांब्याला ते चालतं, कारण त्यावर अक्षरं नसतात आणि तो रोज धुतला जातो.

तेव्हा दुसरा अपवाद त्या दोन गुलाबी शिवरायांचा, त्यांच्याकडे आधी वळा. त्या आजच डिस्टिल्ड वॉटरमध्ये घाला, प्रत्येकीला वेगळी काचेची वाटी. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन असतो आणि आपल्याला तोच बाहेर काढायचाय. पहिला आठवडा रोज पाणी बदला, मग तीन-चार दिवसांनी, असं महिनाभर. त्यानंतर नाणं बाहेर काढून मऊ सुती कापडाने टिपा, शुद्ध ॲसिटोनमध्ये पाचएक मिनिटं ठेवा म्हणजे खाचांतलं पाणी ओढून घेतलं जातं, आणि टेबललॅम्पच्या साध्या बल्बखाली तासभर वाळवा. ॲसिटोन प्रयोगशाळेचं रसायन विकणाऱ्याकडून आणा. नेलपॉलिश काढायच्या बाटलीत सुगंध आणि तेल असतं. खिडकी उघडी आणि गॅस, उदबत्ती, निरांजन सगळं लांब, कारण ते क्षणात पेट घेतं.

त्या गुलाबी रंगाचं मात्र काही करू नका. बाजारात रंग चढवणारी औषधं मिळतात, गंधकाचा धूरही देतात. त्यातून येणारा काळा रंग जाणकाराच्या नजरेला लगेच कळतो, आणि उद्या ते नाणं दुसऱ्या कुणाच्या हातात गेलं तर त्याची फसवणूक होते. काही वर्षांत रंग आपोआप विटकरी आणि मग तपकिरी होत जाईल. गेलेली अक्षरं परत येणार नाहीत, हे मात्र खरं आहे.

उरलेल्या शिवरायांपैकी ज्यांवर घट्ट हिरवा आणि त्याच्यावर माती, धूळ, चिकट काळं असं काही आहे, त्यांनाही आधी डिस्टिल्ड वॉटरच. चोवीस तासांत माती मऊ होते. मग बांबूची बारीक तासलेली काडी किंवा बाभळीचा वाळलेला काटा घ्यायचा. लोखंडी सुई, पिन, तारेचा ब्रश, दात घासायचा कडक ब्रश यातलं काहीही नको. नाणं ओलं असताना भिंगाखाली धरायचं आणि अक्षराच्या कडेने, अक्षरापासून बाहेरच्या दिशेने काटा सरकवायचा. अक्षराच्या खाचेत काट्याचं टोक खुपसायचं नाही. एका बैठकीत पंधरा-वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. डोळे थकले की हात जड होतो.

गेल्या हिवाळ्यात एका शिवराईवर मी असाच बसलो होतो. पहिल्या संध्याकाळी फक्त कडेची चार टिंबं मोकळी झाली. दुसऱ्या संध्याकाळी 'राजा'तल्या 'ज'चा पोटाकडचा भाग दिसला, त्याच्याभोवती मातीचा कडक गोळा होता. काटा त्याच्याखाली सरकत नव्हता, म्हणून पुन्हा पाण्यात ठेवली. चौथ्या दिवशी तो गोळा अख्खा सुटून वाटीत पडला आणि खाली चकचकीत तपकिरी पृष्ठभाग निघाला, 'ज'चा काना स्पष्ट, त्याच्या शेवटाला ठसा किंचित घसरल्याची दुहेरी रेघ. दीडदोनशे वर्षांपूर्वी कुणाचा तरी हातोडा किंचित हलला होता, त्याची ती खूण. आम्लात टाकली असती तर गोळा दहा मिनिटांत गेला असता, पण त्याच्याबरोबर ती रेघही गेली असती.

माती पाण्याने सुटत नसेल तर तेल. ऑलिव्ह तेलात महिनोन्‌महिने ठेवायची जुनी पद्धत पुष्कळांना माहीत असते. ऑलिव्ह तेल हे किंचित आम्लीय असतं आणि नाणं काळवंडतं, म्हणून मी ते सोडलं. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं, ते आम्ल नाही आणि खवटही होत नाही. त्यात दोन-तीन आठवडे, मग काटा, शेवटी ॲसिटोनने तेल धुऊन काढायचं. पोपटी भुकटीच्या नाण्याला मात्र तेल लावू नका. क्लोराइड तेलाखाली बंद होतं, वरून नाणं छान दिसतं आणि आतून पोखरलं जातं.

भुकटी उगवलेल्या नाण्यांचं काय करायचं, हे किती खोल गेलंय त्यावर ठरतं. एकदोन ठिपके असतील तर काट्याने भुकटी पूर्ण काढा, मग डिस्टिल्ड वॉटरचं तेच महिनाभराचं चक्र करा आणि कोरडं वाळवा. संपलं की नाही ते तपासायची सोपी युक्ती आहे. छोट्या बंद डबीत ओला कापूस ठेवा, शेजारी नाणं, एकमेकांना न चिकटता. दोन दिवसांनी उघडून भिंगातून बघा. नवे पोपटी ठिपके आले असतील तर रोग जिवंत आहे, पुन्हा पाण्यात. नाही आले तर नाणं वाळवून कोरड्या जागी ठेवा.

यापुढची पायरी सोडियम सेस्क्विकार्बोनेटची. धुण्याचा सोडा आणि खायचा सोडा यांच्या मिश्रणाचं साधारण पाच टक्क्यांचं द्रावण, आठवड्याला बदलायचं, कितीतरी आठवडे. क्लोराइड त्याने पाण्यापेक्षा चांगलं निघतं. पण कधीकधी नाण्याचा रंग निळसर होतो, म्हणून दुर्मिळ नाण्यावर मी ते वापरत नाही. संग्रहालयांत बेंझोट्रायाझोल नावाचं रसायन अल्कोहोलमध्ये मिसळून वापरतात, ते तांब्यावर संरक्षक थर धरतं. ते अंगाला चांगलं नाही, हातमोजे आणि हवेशीर जागा लागते. घरी लहान मुलं असताना स्वयंपाकघराच्या ओट्यावर हा उद्योग करू नका. एखादं नाणं खरोखर मोलाचं निघालं तर ते तज्ज्ञाकडे द्यावं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तू जतनाचं केंद्र आहे. नाशिकजवळ अंजनेरीला 1980 साली सुरू झालेली नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे, तिथलं नाण्यांचं संग्रहालय एकदा मुद्दाम बघून या. चांगलं राखलेलं तांबं कसं दिसतं, ते तिथे समजेल आणि मग लखलखीत नाण्याची ओढ आपोआप कमी होईल.

चांदीच्या दोन रुपयांबद्दल. काळा रंग सिल्व्हर सल्फाइडचा आहे, हवेतल्या गंधकामुळे येतो, आणि त्याने नाण्याला काही अपाय नाही. सगळ्या पृष्ठभागावर सारखा पसरलेला, कडेला निळसर-जांभळट झाक असलेला काळेपणा जाणकारांना आवडतो, त्याची किंमतही जास्त येते. ॲल्युमिनियम फॉइल आणि खायच्या सोड्याचा गरम पाण्यातला प्रयोग सगळीकडे सांगितला जातो. त्याने काळेपणा जातो हे खरं, पण नाणं निर्जीव पांढरट दिसायला लागतं आणि मूळ झळाळी परत येत नाही. व्हिक्टोरिया राणीच्या किंवा पंचम जॉर्जच्या रुपयात सुमारे 91.7 टक्के चांदी, बाकी तांबं. त्यावर कुठे हिरवं असेल तर ते त्या तांब्याचं. ॲसिटोनमध्ये बुडवा, निघालं तर निघालं. साल 1940 ते 1945 मधलं असेल तर चांदी निम्मीच, त्यात तांबं 40 टक्के, त्यावर हिरवं जास्त दिसतं. चांदी आणि तांबं एका वाटीत कधी भिजत घालू नका.

भोकाचे पैसे 1943 ते 1947 मधले. ते खूप निघाले होते, किंमत फार नाही. तुम्हाला हात बसवायचा असेल तर काटा आणि भिंग आधी यांच्यावरच चालवा, शिवराईवर नंतर. मुलांना सोबत घेऊन बसायलाही हेच बरे.

डब्यात राखाडी, मऊ, कागदावर ओढलं तर रेघ उमटवणारं एखादं नाणं दिसलं तर ते शिशाचं असू शकतं. सातवाहनांची शिशाची नाणी आपल्याकडे सापडतात. त्याला हे वरचं काहीच लागू नाही. डिस्टिल्ड वॉटरमध्येही ठेवू नका, शिसं त्यात खराब होतं. लाकडी पेटीत किंवा पुठ्ठ्याच्या डब्यात ठेवलं तर त्यातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने पांढरी भुकटी धरतं. ती विषारी असते, हात लावला तर साबणाने धुवा.

आता ठेवायचं कसं. पावसाळ्याच्या गावात साफसफाईपेक्षा हे जास्त महत्त्वाचं. आजीचा पितळी डबा आठवण म्हणून वेगळा ठेवा, नाणी त्यात परत घालू नका. बाजारात नाण्यांचे मऊ, चकाकणारे, प्लास्टिकचा वास येणारे अल्बम मिळतात, त्यांतले बरेच पीव्हीसीचे असतात. ते कालांतराने घाम सोडतात आणि नाण्यावर हिरवा चिकट लेप बसतो. मी अशा एका अल्बमात सात वर्षं ठेवलेले कंपनीचे अकरा पैसे उघडले तेव्हा प्रत्येकाच्या एका बाजूला खिडकीच्या चौकटीसारखा हिरवा चौकोन उमटला होता. ॲसिटोनने लेप निघाला, खालचे खड्डे राहिले. मायलर किंवा पॉलिप्रॉपिलीन या पीव्हीसी नसलेल्या प्लास्टिकची पाकिटं मागा. ती झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात, आत सिलिका जेलची पुडी आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र. आकडा 40 टक्क्यांच्या खाली राहिला तर ब्राँझ डिसीज झोपलेला राहतो. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर तव्यात किंवा ओव्हनमध्ये कोरडं करून परत घाला. नाणं नेहमी कडेला धरा, बोटाच्या घामातही मीठ असतं.

किमतीचंही विचारलं होतंत. सर्वसाधारण शिवराई फार महाग जात नाही. महाग जाते ती दुर्मिळ वेलांटीची, दुर्मिळ चिन्हाची किंवा मूळ तपकिरी अंगासकट राहिलेली. घासलेलं नाणं जाणकार दुरून ओळखतो आणि त्याचा भाव पडतो. त्या दोन सोडल्या तर तुमचा डबा अजून शाबूत आहे.

कायद्याच्या दोन गोष्टी माहीत असाव्यात. माळ्यावरच्या डब्यात वारशाने आलेली नाणी तुमचीच. पण घर दुरुस्त करताना जमिनीत किंवा भिंतीत पुरलेलं काही निघालं आणि त्याची किंमत दहा रुपयांहून जास्त असली, तर 1878 च्या कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. आणि परदेशातल्या भावाला आठवण म्हणून एखादी शिवराई पाठवायचा विचार असेल तर तो सोडा. शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या कायद्याने देशाबाहेर नेता येत नाही. त्याला चांगला मोठा फोटो पाठवा.

म्हणजे या आठवड्यात कामं तीनच. दोन गुलाबी शिवराया पाण्यात, पोपटी ठिपक्यांची नाणी वेगळ्या कोरड्या डबीत, आणि सगळ्यांचे फोटो आणि वजनं वहीत. बाकीचं सावकाश, हिवाळ्यात करा. हवा कोरडी असते आणि नाणी लवकर वाळतात. त्यानंतर दरवर्षी दसऱ्याला, पावसाळा संपल्यावर, डबा उघडून भिंगातून एकेक नाणं वहीतल्या फोटोशी ताडून बघत जा.